चौथ्या तासाची तालीम

"गुरुवारी तुमच्या चौथ्या तासाला येऊन बसले तर चालेल ना?" प्रिन्सिपल मिसेस सिल्वेरा जाता जाता म्हणाल्या आणि पुढे निघूनही गेल्या. सुलेखाच्या तोंडून "हो, जरूर" असं गेलं, आणि ते आपणच बोललो हे तिला जरा वेळाने कळलं. कॉरिडॉरमध्ये लॉकरची दारं धाडधाड आपटत होती, फरशीच्या पॉलिशचा तो गोडसर, मळमळायला लावणारा वास येत होता, एक मुलगा दुसऱ्याची टोपी घेऊन पळत होता, आणि ती खडूने माखलेला हात अधांतरी धरून उभी राहिली होती. चौथाच तास का? दुसरा होता, त्यात अल्जिब्राची शहाणी मुलं होती, वेळच्या वेळी घरचा अभ्यास आणणारी. चौथा तास म्हणजे जनरल मॅथ. ज्यांना अल्जिब्रा झेपत नाही, ज्यांना भूमिती झेपत नाही आणि ज्यांना मुळात शाळाच झेपत नाही, अशा सगळ्यांना एका खोलीत कोंडायचं आणि सगळ्यांत नव्या बाईला त्यांच्यापुढे उभं करायचं, ही रीत अकोल्याला होती तशी इथे कॅलिफोर्नियात, सांता क्लारालाही होती. पालथ्या घड्यावर पाणी. दोन वर्षं ती ते पाणी ओतत होती, आणि नेमकं तेच बघायला आता प्रिन्सिपल येणार होत्या. मार्च उजाडला होता. मार्चच्या मध्यापर्यंत शाळा सांगते, पुढच्या वर्षी तुम्ही आहात की नाही. आणि नसलात, तर मुकाट्याने प्रोग्रॅमिंगचा कोर्स करायचा, असं तिने श्रीरंगला, म्हणजे आपल्या नवऱ्याला, कबूल केलेलं होतं.

कबूल करताना तिला ते सोपं वाटलं होतं. श्रीरंगचं काही चुकत होतं असंही नाही. तो चिप बनवणाऱ्या कंपनीत होता, त्याच्या मित्रांच्या बायका एकामागून एक कोबॉल ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकून मोकळ्या झाल्या होत्या. शैला तर एम. ए. मराठी होती, आणि आता तिला स्वतःचं क्युबिकल होतं. गणेशोत्सवात भेटल्यावर ती सुलेखाला मायेनेच विचारायची, "अगं, अजून ते मास्तरीणपण करतेस?" मास्तरीण. अकोल्यात हा शब्द रस्त्यात लोक बाजूला होऊन उच्चारत, इथे तो ऐकला की आपल्याला काही आजार आहे आणि लोक विचारपूस करताहेत असं तिला वाटायचं. त्यात तिला स्वतःलाच खात्री उरली नव्हती. चौथ्या तासाची घंटा झाली की तिच्या पोटऱ्या दुखायच्या. शेवटच्या रांगेतली शेरी नावाची मुलगी वर्षभर पुस्तक न उघडता खिडकीबाहेर बघत होती. तिला रागावलं तर ती शांतपणे सुलेखाकडे बघायची आणि पुन्हा खिडकीकडे वळायची. त्या बघण्यात उद्धटपणा असता तर बरं झालं असतं. त्यात नुसतं 'तुमचंही बरोबर आहे' असं होतं.

अकोल्याला ती शिकवायची त्या शाळेत तपासणी व्हायची. वर्षातून एकदा शिक्षणाधिकारी यायचे आणि महिनाभर आधीपासून पारखी सरांना, म्हणजे मुख्याध्यापकांना, झोप यायची नाही. मग शाळेत कुणालाच यायची नाही. पारखी सर रोज सकाळी फाटकात उभे असायचे, घड्याळ मनगटावर नव्हे, तळहातावर. उशिरा येणाऱ्या शिक्षकाला ते काही बोलत नसत, नुसतं घड्याळाकडे बघत, आणि चाळिशीतला माणूस पोरासारखा मान खाली घालून आत जाई. सुलेखा कधी उशिरा गेली नाही. इतक्या वर्षांत ते तिला एकदाही 'छान' म्हणाले नाहीत, आणि ते एकदा म्हणावेत म्हणून ती किती राबली हे आठवलं की तिला आता हसू यायचं. तपासणीच्या पाठाची तालीम व्हायची. कोणता प्रश्न विचारायचा, कुणी उत्तर द्यायचं, सगळं ठरलेलं. शिवाय एक युक्ती होती, आणि ती सगळ्या शाळांना माहीत होती, बहुधा शिक्षणाधिकाऱ्यांनाही: उत्तर येत असेल तर उजवा हात वर करा, येत नसेल तर डावा. साहेबांना हातांचं रान दिसायचं आणि बाईंना कुणाला उठवायचं ते कळायचं. साहेब खूश, सर खूश, बाई सुटल्या. मुलांचं काय झालं हे कुणी विचारायची पद्धत नव्हती.

मिसेस सिल्वेराही सकाळी फाटकात उभ्या असत. पहिल्या दिवशी त्यांना तिथे बघून सुलेखाची पावलं आपोआप भराभर पडायला लागली होती. पण या बाईंच्या हातात घड्याळ नव्हतं, किल्ल्यांचा जुडगा होता, पायात मुलांसारखे कॅनव्हासचे बूट होते, आणि त्या तोंडं बघत होत्या. कोण रडून आलंय, कोण उपाशी आलंय, कोण काल आलं नव्हतं. हजारभर मुलांची नावं त्यांना पाठ होती, आणि सुलेखाचं 'वैशंपायन' हे आडनावही त्यांनी एका दुपारी बसून, तिच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेऊन पाठ केलं होतं. मुलं तिला 'मिसेस व्ही' म्हणायची. बाईंनी एकदाही तसं म्हटलं नाही. पहिल्या वर्षी काही पालक तक्रार घेऊन आले, या बाईंचे उच्चार आमच्या मुलांना समजत नाहीत म्हणून. मिसेस सिल्वेरा त्यांना म्हणाल्या म्हणे, "आठवडाभर तिच्या वर्गात येऊन बसा आणि मग माझ्याशी बोला." कुणी आलं नाही, आणि तक्रारही पुन्हा आली नाही. हे सुलेखाला स्वतः बाईंनी सांगितलं नव्हतं, हॅनली नावाच्या म्हाताऱ्या मास्तरांनी सांगितलं. हे हॅनली निवृत्तीला टेकलेले, विज्ञानाच्या तासाला मुलांना धडा वाचायला लावून स्वतः पेपर वाचणारे. बाईंनी त्यांना एकदा विचारलं, "तुम्ही तरुणपणी मास्तर झालात तेव्हा काय शिकवायचं मनात होतं?" एवढंच. रागावणं नाही, मेमो नाही. हॅनली आठवडाभर घुम्यासारखे वावरले, आणि आता दर शुक्रवारी शाळा सुटल्यावर मैदानात मुलांना घेऊन पुठ्ठ्याची रॉकेटं उडवायचे. भुवया एकदा जळाल्या होत्या त्यांच्या. इतका आनंदी माणूस सुलेखाने अमेरिकेत दुसरा पाहिला नव्हता.

हे सगळं तिला माहीत होतं. डोळ्यांनी बघितलेलं होतं. पण दुधाने तोंड पोळलेल्या माणसाला समोर ताक आहे हे कळूनही फुंकर मारावीशी वाटतेच. मंगळवारी चौथ्या तासाला तिने दार लावून घेतलं आणि स्वतःच्याच आवाजाचं आश्चर्य करत मुलांना सांगितलं, गुरुवारी प्रिन्सिपल येणार आहेत, आपण अपूर्णांकांचा भागाकार करणार आहोत, मी हीच चार गणितं घालणार आहे, उत्तरं ही अशी. आणि सगळ्यांनी हात वर करायचा. येत असेल तर उजवा, नसेल तर डावा.

या वर्गाची शांतता तिने प्रथमच ऐकली. मग राऊल नावाचा मुलगा म्हणाला, "मिसेस व्ही, मी डावखुरा आहे. माझं काय?"

"तरीही," ती म्हणाली.

"म्हणजे आपण तिला फसवायचं?"

"फसवायचं नाही. नीट दाखवायचं."

राऊलने खांदे उडवले. पण पोरांना मजा आली होती. वर्षभर या बाई त्यांच्याकडून काही मागत होत्या ते त्यांना देता येत नव्हतं, आणि आज बाईंनी असं काही मागितलं होतं जे त्यांना चांगलंच येत होतं. त्यांनी जीव ओतून तालीम केली. शेरीनेसुद्धा खिडकीकडून मान वळवून कधी उजवा तर कधी डावा हात वर करून बघितला. सुलेखाला बरं वाटलं, आणि लगेच, जिभेवर तुरटीचा खडा ठेवावा तसं काहीतरी वाटलं. इकडची मुलं आपल्याला आवडायला लागली होती की काय, आणि तीही नेमकी त्यांना लबाडी शिकवताना?

बुधवारी संध्याकाळी श्रीरंग म्हणाला, "टेन्शन कसलं घेतेस? रिन्यू केलं तर केलं. नाही केलं तर ब्लेसिंग इन डिसगाइज यार. त्या पोरांना काय पडलंय?"

"त्यांना नाही पडलेलं," ती म्हणाली. "मला पडलंय बहुतेक."

"बहुतेक?" तो हसला. त्याच्या हसण्यात वाईट काही नव्हतं. ती भांडी घासत राहिली. तिला सांगायचं होतं की शिकवता येतं की नाही हे मला आता खरंच कळेनासं झालंय, आणि ते कळल्याशिवाय मला कोबॉल बिबॉल काही शिकता येणार नाही. पण असली वाक्यं नळाच्या आवाजात बोलता येत नाहीत.

गुरुवारी मिसेस सिल्वेरा आल्या आणि मागच्या भिंतीशी खुर्ची ओढून बसल्या नाहीत. त्या सरळ शेरीच्या शेजारच्या रिकाम्या बाकावर जाऊन बसल्या, गुडघे त्या लहान बाकात कसेबसे कोंबले, शेरीकडून एक कागद मागून घेतला आणि पेन्सिल काढून गणित उतरवायला तयार झाल्या. साहेबाने गणित उतरवायचं नसतं. साहेबाने वर्ग बघायचा असतो. तिने फळ्यावर लिहिलं: तीन भागिले पाव. दुसरा अपूर्णांक उलटा करा आणि गुणा. उत्तर बारा. "समजलं कुणाला? पुढचं कोण करेल?" हातांचं रान उभं राहिलं. उजवे मोजके, डावे भरपूर, आणि सगळे इतके ताठ की तिलाच लाज वाटली. तिने उजवा हात बघून एकाला उठवलं. त्याने ठरलेलं उत्तर दिलं. दुसऱ्या गणिताला पुन्हा रान. तेव्हा तिला दिसलं की शेवटच्या रांगेत मिसेस सिल्वेरांचाही हात वर आहे. डावा. उजव्या हातात पेन्सिल होती. सुलेखाची नजर त्या हातावरून, सवयीने, अकोल्यापासूनच्या सवयीने, पुढे सरकली आणि तिने दुसऱ्याच मुलाचं नाव घेतलं.

कुणीतरी फसकन हसलं. मग राऊल मागे वळून म्हणाला, "मिसेस सिल्वेरा, उजवा करा. डाव्याला विचारत नाहीत." आणि आख्खा वर्ग फुटला. हसण्याचा तो लोट येऊन फळ्याला आदळला आणि ओसरला. सुलेखाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आता कोणत्याही क्षणी या बाई उठतील, काही न बोलता उठतील, आणि दार हळूच लावून घेतील. पारखी सर असेच लावायचे.

"डाव्याचा अर्थ काय?" मिसेस सिल्वेरांनी राऊलला विचारलं.

राऊलने सुलेखाकडे बघितलं. पोराच्या चेहऱ्यावर आपल्या बाईंना वाचवायची इच्छा स्पष्ट होती, आणि तेच तिला सहन झालं नाही. ती स्वतःच म्हणाली, "डावा म्हणजे मला येत नाही. मी त्यांना तसं शिकवलं."

मिसेस सिल्वेरांनी क्षणभर स्वतःच्या वर केलेल्या हाताकडे बघितलं. तो त्यांनी खाली घेतला नाही. "मग माझा बरोबरच आहे," त्या म्हणाल्या. "तीनला भागलं आणि उत्तर बारा आलं. भागल्यावर संख्या लहान व्हायला पाहिजे ना? हे मला शाळेत कळलं नव्हतं आणि आजही कळलेलं नाही. मी ते कुणाला विचारलं नाही. आणखी कुणाला कळलेलं नाही? खरे डावे हात दाखवा."

दोन-चार हात वर गेले. मग आणखी. मग शेरीचा. त्या हाताच्या वर जाण्यात कसलाही खोडसाळपणा नव्हता. मिसेस सिल्वेरा सुलेखाकडे वळल्या. "कुणाला कळलं नाही ते एका नजरेत दिसावं, म्हणून मी किती वर्षं धडपडतेय," त्या म्हणाल्या. "तुम्ही ते करून ठेवलंय. फक्त आधी डाव्यांना विचारा."

उलटा करा आणि गुणा. इतकी वर्षं ती हे सांगत आली होती, अकोल्याच्या मुलींनी ते श्लोकासारखं पाठ केलं होतं, आणि 'उत्तर मोठं का' हे तिला कुणी विचारलं नव्हतं. सिद्धता तिला येत होती. ती फळ्यावर लिहायला तिने खडू उचललाही. पण शेरीचा हात अजून वर होता, आणि सिद्धतेने तो खाली आला नसता. काय करावं? तिचं लक्ष टेबलाखालच्या पिशवीकडे गेलं. तीत डबा होता. भाजीचा वास येतो म्हणून दोन वर्षं ती डबा गाडीत बसून, काचा वर करून खात होती. तिने तो सगळ्यांसमोर उघडला आणि तीन पोळ्या बाहेर काढल्या.

"टॉर्टिया!" राऊल ओरडला. त्याच्या घरीही अशाच पोळ्या व्हायच्या.

"पोळी," ती म्हणाली. "किती आहेत?" तिने पहिलीचे चार तुकडे केले. "एकीतून पाव पाव तुकडे किती निघाले?" मग दुसरीचे. मग तिसरी तिने शेरीच्या हातात दिली. शेरीने ती फार काळजीपूर्वक चार ठिकाणी फाडली, आणि बाकावर मांडलेले सगळे तुकडे बोटाने मोजले. मग ती म्हणाली, आणि वर्षभरातलं तिचं ते पहिलंच वाक्य असावं, "म्हणजे भागायचं म्हणजे वाटून कमी करायचं नाही. तीनमध्ये पाव किती वेळा मावतो ते बघायचं. तुकडे लहान, म्हणून ते जास्त."

"एकेका पोळीतून चार," राऊल म्हणाला. "म्हणून चाराने गुणायचं. म्हणून उलटा!" तो जवळजवळ रागावून बोलत होता, इतके दिवस हे आपल्यापासून लपवून ठेवल्यासारखा. पाठीमागून कुणीतरी विचारलं, मग अर्धीच पोळी असली तर, आणि तिघाचौघांनी एकदम उत्तर दिलं. घंटा झाली तेव्हा कुणी उठलं नाही. मग सगळ्यांनी मिळून तुकडे खाऊन टाकले. मिसेस सिल्वेरांनीही एक खाल्ला, आणि आपल्या कागदावरची चारही गणितं सोडवूनच त्या उठल्या. जाताना त्या सुलेखाला काही म्हणाल्या नाहीत. ते तिच्या लक्षातही आलं नाही. तिच्या पोटऱ्या दुखत नव्हत्या, हे मात्र तिच्या लक्षात आलं.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर त्यांनी तिला बोलावलं. त्यांच्या खोलीचं दार नेहमी उघडं असे, आज तिच्यामागे त्यांनी ते लावलं. टेबलावर वाळवलेल्या जर्दाळूंची वाटी होती. बाईंचे वडील इथल्याच जर्दाळूच्या बागांत मजुरी करायचे, आणि त्या बागा जाऊन तिथे आता श्रीरंगची कंपनी उभी होती. "घ्या," त्या म्हणाल्या, आणि सुलेखाने एक घेऊन हातात तसाच धरला.

"वाईट बातमी आहे, आणि ती तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू द्यायची नव्हती. पुढच्या वर्षी मी तुम्हाला ठेवू शकत नाही."

"कालच्या हातांमुळे."

"नाही. शाळा चालवणाऱ्या डिस्ट्रिक्टने शिक्षकांत कपात केली. जो शेवटी आला तो आधी जाणार, असा नियम आहे. मी भांडले. हरले."

"कधी कळलं तुम्हाला?"

"गेल्या आठवड्यात."

खिडकीबाहेर हॅनली मुलांना काहीतरी ओरडून सांगत होते. सुलेखाने ते शब्द मनात पुन्हा लावून बघितले. गेल्या आठवड्यात. म्हणजे सोमवारी कॉरिडॉरमध्ये त्यांनी विचारलं, त्याच्या आधी. म्हणजे गुरुवारी गुडघे मुडपून त्या बाकावर बसल्या, तेव्हा सगळं ठरून संपलेलं होतं. "मग तुम्ही येऊन बसलात कशाला?" तिने विचारलं. आवाज तिला वाटला त्याहून मोठा निघाला. "बघून काय उपयोग होता?"

मिसेस सिल्वेरांनी जर्दाळूंची वाटी बाजूला सारली. "चौथा तास संपला की तुम्ही कॉरिडॉरमधून भिंतीच्या कडेकडेने जाता," त्या म्हणाल्या. "कुणी मारल्यासारख्या. मी रोज बघते. नोकरी वाचवणं माझ्या हातात नव्हतं. पण आपल्याला शिकवता येत नाही असं समजून तुम्ही या शाळेतून जाणं मला चालणार नव्हतं. तेवढं माझ्या हातात होतं."

सुलेखाला रडू आलं आणि तिने ते आवरलं नाही. त्या दोन वाक्यांत तिला जे मिळालं ते एका 'छान'साठी राबलेल्या सगळ्या वर्षांत मिळालं नव्हतं, आणि ते देणाऱ्या बाईला त्यातून मिळण्यासारखं काहीही नव्हतं. त्या क्षणी त्या बाईसाठी तिने काहीही केलं असतं. आणि विचित्र हे, की बाईंनी तिच्याकडे काहीच मागितलं नाही. त्यांनी उठून पाण्याचा पेला भरून आणला, आणि ती पिऊन होईपर्यंत शेजारी उभ्या राहिल्या.

घरी श्रीरंग तिच्या आधी आला होता आणि चहा टाकत होता. मीनाक्षी, त्यांची आठ वर्षांची मुलगी, टेबलावर चित्र रंगवत होती. सुलेखाने उभ्या उभ्याच सांगितलं. श्रीरंगने गॅस बारीक केला, जवळ येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला. "आय ॲम सॉरी, सुलू. खरंच," तो म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटलं होतं. "पण बघ, आता हा चॅप्टर क्लोज. मी शैलाला फोन करतो, पुढच्या बॅचला तुला एन्रोल करून टाकू. सुटलीस एकदाची."

"मॉम, आर यू फायर्ड?" मीनाक्षीने मान वर न करता विचारलं.

"हो."

"सो यू आर नॉट अ टीचर एनीमोर?"

"आहे," सुलेखा म्हणाली. "जूनपर्यंत या शाळेत आहे. पुढे कुठल्या, ते शोधायचंय."

श्रीरंगचा हात तिच्या खांद्यावरून निघाला. तो रागावला नव्हता, तो गोंधळला होता. "पण तू कबूल केलं होतंस."

"केलं होतं. आता मोडतेय." तिने पर्स टेबलावर ठेवली आणि मीनाक्षीचे रंग बाजूला सारून बसायला जागा केली. "चहा मला इथेच दे. सोमवारी चौथ्या तासाला टक्केवारी सुरू करायचीय. ती मला स्वतःला कळलीय का, ते आधी बघू दे."